तीन गिअर, पाचशे मैल

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या स्टॉक कार शर्यतींत, म्हणजे 1949 पासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, गाड्यांना कोणते गिअरबॉक्स असायचे? तीनच गिअर असताना 500 मैल गाडी टिकायची कशी? आणि ऑटोमॅटिकवर कुणी शर्यत जिंकलीय का? विचारणारा सांगलीचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. लॅप टाइमचं कॉम्प्युटर मॉडेल करतोय आणि त्यात कुठले रेशो, म्हणजे आत किती फेरे गेले की बाहेर एक फेरा निघतो ते आकडे, भरायचे इथं त्याचं घोडं अडलंय.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बत्तीस वर्षं गिअरबॉक्स उघडले, जास्त करून महिंद्राच्या जुन्या जीपचे. आता मुलीकडे अमेरिकेत शार्लटला असतो. जुन्या शर्यतीच्या गाड्या पुन्हा उभ्या करणारं एक वर्कशॉप घराजवळच आहे, तिथं आठवड्यातून तीन दिवस हात काळे करून येतो. त्यामुळे उत्तर पुस्तकी कमी आणि टेबलावर उघडलेल्या पेट्यांवरून जास्त आहे.

बाळा, आधी एक गैरसमज काढून टाक. शर्यतीच्या गाडीत गिअरबॉक्स वेग देतो असं आपल्याला वाटतं. या गाड्यांत तो बहुतेक वेळ काहीच करत नसे, आणि काही करत नसे म्हणूनच टिकायचा.

कसं ते जीपवरून सांगतो, कारण ती तुझ्या गावात अजून सापडेल. जुन्या महिंद्रा जीपला टी-90 नावाचा तीन गिअरचा बॉक्स असायचा. मूळ डिझाइन बोर्ग-वॉर्नरच्या वॉर्नर गिअर या कंपनीचं, इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचं. पहिला गिअर 2.798, दुसरा 1.551, टॉप सरळ 1. पहिल्याला सिंक्रो (गिअर न खडखडता बसवणारी रिंग) नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. 1950 च्या आसपासच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या पोटात हीच मांडणी होती. केसिंग मोठं, दाते रुंद, पण कुळी एकच. शार्लटला पहिल्यांदा एका जुन्या फोर्डचं झाकण काढलं तेव्हा मला परक्या घरात आल्यासारखं वाटलंच नाही.

आता यात ताकद कशी जाते बघ. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद इनपुट शाफ्टवरून लेशाफ्टवर, म्हणजे खालच्या जोडीच्या दांड्यावर, उतरते आणि तिथून परत मेनशाफ्टवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या दांड्यावर, चढते. दोन ठिकाणी दात दाताला ढकलतो. दाते तिरके, म्हणून प्रत्येक शाफ्ट बाजूला सरकू बघतो, थ्रस्ट वॉशर खातो, ऑइल तापवतो. टॉपमध्ये मात्र स्लीव्ह पुढं सरकून इनपुट आणि मेनशाफ्ट सरळ जोडून टाकते. लेशाफ्ट फिरतो, पण रिकामा. दात्यांवर ओझं शून्य. म्हणजे टॉपमध्ये गिअरबॉक्स हा निव्वळ एक फिरणारा दांडा असतो. या अवस्थेत तो 500 मैल, म्हणजे 800 किलोमीटर, सहज काढतो.

मग वेगाचं काय? ते ठरायचं मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगमध्ये, क्राउन-पिनियनला, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीला. हिशेब मांडून बघ. टायर 28 इंची धर, ताशी 60 मैलाला चाक मिनिटाला साधारण 720 फेरे घेतं. अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर एवढाच वेग. मागं 3.7 चा रेशो असेल तर टॉपमध्ये इंजिन 2,660 ला झोपा काढतंय. दुसरा गिअर 1.6 चा टाकला की एकूण 5.92 होतो आणि इंजिन 4,260 वर येतं, म्हणजे नेमकं जिथं ते ओढतं तिथं. पण आता पूर्ण शर्यतभर ओझं दात्यांवर. तेच मागंच 5.9 च्या आसपासचा क्राउन-पिनियन बसवला तर टॉपमध्येच 4,260 मिळतात आणि गिअरबॉक्स मोकळा राहतो. त्यामुळे तुझ्या मॉडेलमध्ये आधी ट्रॅकप्रमाणे मागचा रेशो बदलता येईल अशी सोय कर. गिअरबॉक्सचे आकडे नंतर.

पण मागचा रेशो मनाला येईल तसा बदलता येत नव्हता, कारण गाडी 'स्टॉक' होती. नॅसकारची, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संघटनेची, स्थापना फेब्रुवारी 1948 ची. नव्या, शोरूममधल्या गाड्यांची 'स्ट्रिक्टली स्टॉक' मालिका 19 जून 1949 ला इथंच शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर सुरू झाली. पहिला आला ग्लेन डनवे, फोर्डमध्ये. तपासणीत त्याच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांशी खेळ केलेला सापडला. चोरटी दारू वाहणारे लोक मागं ओझं भरल्यावर गाडी बसू नये म्हणून करायचे तसला. गाडी बाद झाली आणि बक्षीस लिंकनवाल्या जिम रोपरला गेलं. पाट्यांवरून हे होतंय म्हटल्यावर गिअरबॉक्समध्ये हात घालायची छाती कुणाची?

पळवाट होती ती कारखान्याच्या कॅटलॉगातच. पोलिसांसाठी, टॅक्सीसाठी, निर्यातीसाठी म्हणून जे जड भाग छापलेले असायचे, ते 'स्टॉक' धरले जायचे. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन मंद फिरवणारा जादा गिअर, घेतलेल्या गाडीला कारखानाच मागं मोठ्या आकड्याचा रेशो द्यायचा, म्हणजे हायवेवर पेट्रोल वाचवणाऱ्या गिऱ्हाइकाचा भाग शर्यतवाल्याच्या कामाला. हडसन कंपनीने तर यावर कळस केला. 'सिव्हिअर युसेज', म्हणजे जबर वापरासाठी, अशा नावाखाली तिने शर्यतीचेच भाग कॅटलॉगात घातले. कागद बघितला तर सगळं कायद्यात.

मॉडिफाइड, म्हणजे फेरफार केलेल्या, गाड्यांच्या वर्गात ही कटकट नव्हती. तिथं हॅलिब्रँडचा क्विक-चेंज रिअर एंड चालायचा. हौसिंगच्या पाठीमागं एक झाकण, आत दोन सरळ दात्यांची चाकं. झाकण काढायचं, दोन्ही चाकं बदलायची, झाकण लावायचं, झाला नवा रेशो. क्राउन-पिनियनची शिम, बॅकलॅश कशालाच हात लावायचा नाही. ज्याने एकदा तरी रात्री अकराला जीपचा क्राउन-पिनियन सेट केलाय त्याला यातलं सुख समजेल. स्टॉकवाल्यांना एवढं नाही, पण बरंच सुख 1957 पासून फोर्डच्या नऊ इंची अ‍ॅक्सलने दिलं. त्यात क्राउन-पिनियनचा सगळा गठ्ठा पुढच्या बाजूने एकसंध निघतो. चार-पाच रेशोचे गठ्ठे आधीच बांधून फळीवर ठेवायचे, ट्रॅक बघून एक उचलायचा. ही पद्धत पुढं कितीतरी वर्षं चालली, आणि फोर्डचा अ‍ॅक्सल दुसऱ्या कंपन्यांच्या नावाने पळणाऱ्या गाड्यांखालीही गेला.

मग गिअरबॉक्स मरायचा कधी? सुरुवातीला, पिटमधून बाहेर पडताना, आणि गिअर सुटल्यावर.

पिटमधून उभी गाडी बाहेर काढायची म्हणजे पहिला टाकायचा, एक्सलेटर दाबून क्लच सोडायचा आणि ताबडतोब दुसरा. इथं लिव्हर कुठं आहे याला फार महत्त्व होतं. 1939 पर्यंतच्या फोर्डला लिव्हर फ्लोअरवर, थेट बॉक्सच्या डोक्यात. 1940 पासून ती स्टिअरिंगवर चढली, कारण पुढच्या सीटवर तिघं बसावेत. आपल्याकडे पद्मिनीला आणि अ‍ॅम्बेसेडरला होता तोच हँड गिअर. त्या गाड्या चालवलेल्यांना खालच्या दोन आर्म आठवत असतील. अमेरिकन तीन गिअरमध्ये एक आर्म पहिला-रिव्हर्सची, दुसरी दुसरा-टॉपची. मधला क्रॉसओव्हर आणि बुश झिजले की घाईत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दोन्ही आर्म अर्धवट सरकतात आणि दोन गिअर एकत्र अडकतात. लिव्हर मेल्यासारखी. आपल्याकडे अशा वेळी लोक चौकात बॉनेट उघडून हाताने आर्म सरळ करायचे, मागचे हॉर्न वाजवत. शर्यतीत बॉनेट उघडणार कोण? मी पाहिलेल्या शर्यतीच्या जुन्या लिंकेजमध्ये म्हणूनच बुशच्या जागी घट्ट बसवलेल्या धातूच्या रिंगा आणि जोडांवर वेल्डिंगचे थर दिसतात. दिसायला गावठी, पण प्ले, म्हणजे ढिलेपणा, नावाला नाही.

गिअर सुटणं हे दुसरं दुखणं. दुसऱ्यात जोर लावून वळणाला आलास, पाय काढलास, की इंजिन ब्रेकिंगने ओझं उलट्या बाजूने येतं आणि लिव्हर फटकन न्यूट्रलला. मातीच्या ट्रॅकवर गाडी आडवी घसरत असताना हे झालं तर चाकांना इंजिनाचा आधार जातो आणि गाडी सरळ भिंतीला. कारण जवळजवळ नेहमी तेच: स्लीव्हच्या दातांची टोकं गोल झालेली, थ्रस्ट वॉशर खाल्लेला, शाफ्टला लांबीचा प्ले. किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं बेल हौसिंग क्रँकच्या मध्याशी जुळत नाही, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. नवीन गिअर घालून महिन्यात परत सुटायला लागला तर आधी हौसिंगला डायल गेज लावून बघ. मी एका जीपचे गिअर दोनदा बदलले होते, दोष तिसऱ्यांदा हौसिंगमध्ये सापडला. मालकाला दुसऱ्या वेळचे पैसे परत दिले आणि गप्प बसलो.

लिव्हर फ्लोअरवरून हलली तरी शर्यतवाल्यांचा जीव 1939 च्या फोर्डच्या बॉक्सवरच होता. जॉर्जियाच्या डोंगराळ भागातून अटलांटाला चोरटी दारू आणणाऱ्या पोरांची आवडती गाडी म्हणजे 1939-40 ची फोर्ड व्ही-8, आणि नॅसकारच्या पहिल्या पिढीचे कितीतरी ड्रायव्हर, मालक याच धंद्यातून आले. त्या बॉक्समध्ये लिंकन-झेफिर या महागड्या गाडीचे गिअर घालायची युक्ती तेव्हाची. केसिंग फोर्डचं, आतला माल लिंकनचा. पहिला आणि दुसरा एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे गिअर बदलताना इंजिन फार खाली पडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. हे अर्थात मॉडिफाइडमध्ये.

याच गाडीतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. फेब्रुवारी 1948 मध्ये डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर नॅसकारची पहिली मॉडिफाइड शर्यत झाली, ती रेड बायरनने 1939 च्या फोर्डमध्ये जिंकली. दुसऱ्या महायुद्धात विमानात जखमी होऊन त्याचा डावा पाय जवळजवळ निकामी झाला होता. डावा, म्हणजे क्लचचा. मेकॅनिक रेड व्होग्टच्या वर्कशॉपातल्या त्या गाडीत क्लचच्या पेडलला लोखंडी रिकीब बसवली होती, पाय त्यात अडकवायचा. पायाने दाबता येत नसेल तर मांडीने ढकल, अशी सोय. 1948 चं मॉडिफाइडचं आणि 1949 चं स्ट्रिक्टली स्टॉकचं, दोन्ही अजिंक्यपदं त्याची. गिअर कमी बदलावे लागतात या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता, असं माझं मत.

डांबरी मोठ्या ट्रॅकवर तर गिअर बदलायचं कारणच उरलं नाही. 4 सप्टेंबर 1950 ला डार्लिंग्टनला पहिली सदर्न 500 झाली. सव्वा मैलाचा ट्रॅक, 400 फेऱ्या, सुरुवातीला 75 गाड्या. जिंकला जॉनी मँट्झ, 97 हॉर्सपॉवरच्या सहा सिलिंडरी प्लिमथमध्ये, साडेसहा तासांहून जास्त वेळ घेऊन, ताशी 75 मैलांच्या सरासरीने. मोठ्या इंजिनवाल्यांचे टायर एकामागून एक फुटत होते, याने कडक टायर लावले आणि चालत राहिला. एवढ्या लहान इंजिनाखाली तीन गिअरचा साधा बॉक्स टॉपमध्ये ठेवला तर त्याला काय धाड भरणार होती?

1951 ते 1954 हडसन हॉर्नेटचे दिवस. 308 घन इंचाचं सहा सिलिंडरी साइड व्हॉल्व्ह इंजिन, तीन गिअर स्टिअरिंगवर, आणि एक न्यारी चीज: ऑइलमध्ये बुडालेला क्लच, प्लेटला बुचाचे तुकडे. बाटलीचं बूच असतं तेच बूच. आपल्या मोटारसायकलच्या जुन्या कॉर्क प्लेट आठव. पकड मऊ, झटका नाही, त्यामुळे मागच्या दात्यांना धक्का कमी. चुकीचं ऑइल भरलं की मात्र घसरायला लागतो. हर्ब थॉमसने 1951 ची सदर्न 500 आणि 1951 व 1953 ची अजिंक्यपदं हडसनवर घेतली, मधलं 1952 चं टिम फ्लॉकने. 1952 मध्ये 34 पैकी 27 शर्यती हडसनच्या. बुचाच्या क्लचवर!

आता ऑटोमॅटिक. हो, जिंकलेत, आणि हौस म्हणून नव्हे. फेब्रुवारी 1955 मध्ये डेटोनाच्या किनाऱ्यावर टिम फ्लॉक कार्ल कीकहेफरच्या क्रायस्लर 300 मध्ये उतरला. 331 घन इंचाचं हेमी इंजिन, 300 हॉर्सपॉवर, आणि पॉवरफ्लाइट नावाची दोनच गिअरची ऑटोमॅटिक, जिची लिव्हर डॅशबोर्डवर होती. पुढं आलेल्या फायरबॉल रॉबर्ट्सच्या ब्यूइकचे पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) नियमाबाहेरचे निघाले आणि पहिला नंबर फ्लॉकला मिळाला. त्याच वर्षी त्याने 18 शर्यती जिंकल्या. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये थोडी ताकद कायम ऑइल घुसळण्यात जाते, ती उष्णतेत बदलते, ही खरी किंमत आहे. पण 300 हॉर्सपॉवरवाल्याला ती परवडते. आणि तो ट्रॅक अर्धा वाळू, अर्धा हायवे असा होता. टोकाच्या वळणांवर वाळूत चाऱ्या पडायच्या. तिथं क्लचचा झटका न बसता सलग ओढ मिळणं हा फायदाच. तिकडं मेक्सिकोच्या कारेरा पानामेरिकाना शर्यतीत 1952 ते 1954 सलग तीन वर्षं स्टॉक गटात लिंकन पहिली आली, तीही हायड्रामॅटिक या चार गिअरच्या ऑटोमॅटिकवर. तेव्हा 'ऑटोमॅटिक म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी' हे जे कॉलेजात ऐकलं असशील, ते तिथंच सोडून दे.

चार गिअर कुठून आले? नॅसकारच्या पहिल्या रोड कोर्स शर्यतीत त्यांची चुणूक दिसली. 13 जून 1954, न्यू जर्सीतला लिंडनचा विमानतळ. परदेशी गाड्यांनाही परवानगी होती. अल केलर जॅग्वार एक्सके-120 मध्ये जिंकला, आणि त्या गाडीला चार गिअर होते. डावी-उजवी वळणं, वेग सतत खाली-वर, अशा ठिकाणी तीन गिअरमधली दरी अंगाशी येते. जीपचेच आकडे घे: 4,500 ला दुसऱ्यातून टॉप टाकलास तर इंजिन 2,900 वर कोसळतं.

1957 मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेटला बोर्ग-वॉर्नरचा टी-10 दिला. 2.20, 1.66, 1.31 आणि 1, आणि चारही गिअरना सिंक्रो. 4,500 ला तिसऱ्यातून टॉप टाकला की इंजिन 3,430 वर थांबतं. पहिला 2.20 चा, म्हणजे उभी गाडी हलवायला जरा जडच, पण एकदा सुटली की मग दरी कुठंच नाही. टी-10 हा तीन गिअरच्या टी-85 वरूनच वाढवलेला. म्हणजे आपली जीप, टी-85 आणि टी-10 ही एकाच घरची भावंडं. गंमत म्हणजे 1963 पासून जनरल मोटर्सने स्वतःचा चार गिअरचा बॉक्स काढला, तोही मन्सीतच, आणि लोक त्याला 'मन्सी' असंच म्हणतात. त्यातल्या एम-22 चे दाते कमी तिरके ठेवले होते. बाजूचा धक्का कमी, उष्णता कमी, पण रडणं एवढं की त्याला 'रॉक क्रशर', खडी फोडणारा, असं नाव पडलं. फोर्डचा टॉपलोडर 1964 चा. नाव असं की त्याचं झाकण वर आहे, टी-10 चं बाजूला. दोन्ही उघडून सांगतो, लेशाफ्टचे सुईसारखे रोलर ग्रीसने चिकटवून बसवताना दोघंही सारखेच छळतात. एक रोलर खाली पडला आणि तू मोजला नाहीस, तर पहिल्या वीस मैलांत त्याचा पत्ता लागतो.

ओव्हल ट्रॅकवर मात्र चार गिअर आले तरी मूळ गणित बदललं नाही. टॉप 1 चाच, मागचा रेशो ट्रॅकप्रमाणे. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत चार गिअरची एच-पॅटर्न पेटी 2021 पर्यंत होती. 2022 पासून पाच गिअरचा सिक्वेन्शियल (क्रमाने एकेक गिअर बदलणारा) ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलशी एकत्र असलेला गिअरबॉक्स, आला.

तर तुझ्या मॉडेलसाठी: 1950 च्या सुमाराची स्टॉक गाडी करणार असशील तर 2.8, 1.6, 1 हे आकडे बहुतेक ठिकाणी चालतील. मागचा रेशो 3.7 ते 4.1 मध्ये फिरता ठेव, आणि लहान मातीच्या ट्रॅकवर ड्रायव्हर दुसऱ्यातच राहू शकेल असं कर, पण तेव्हा दात्यांच्या घर्षणाची दोन-तीन टक्के ताकद वजा कर, जी टॉपमध्ये वजा करायची नाही. गिअर बदलायला हँड गिअरला फ्लोअरपेक्षा जास्त वेळ दे. आणि चित्रात लिव्हर दाखवणार असशील तर स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला काढ, गाड्या डाव्या हाताच्या आहेत. पहिला अंगाकडे ओढून खाली, रिव्हर्स अंगाकडे ओढून वर, दुसरा पुढं ढकलून वर, टॉप त्याच रांगेत सरळ खाली.